नऊ फेऱ्या, न थांबता

मी नवस फेडतो. माझे नव्हेत, लोकांचे.

आमच्या लाएम काव गावच्या विहारात खारे बाबा बसलेत. माझ्या पणजोबांच्या काळात कोळ्यांच्या जाळ्यात ही बुद्धमूर्ती सापडली, अंगावर मिठाचे थर होते, म्हणून खारे बाबा. बाबांना फुलं चालतात, उकडलेली अंडी चालतात, फटाके चालतात, पण खरं आवडतं ते पळणं. मागितलेलं मिळालं की केळीच्या दांड्याचा घोडा करायचा, तो दोन पायांत धरायचा आणि मंदिराभोवती फेऱ्या मारायच्या. आता कोणाला वेळ नसतो, कोणाची कंबर धरलेली असते, कोणाला लाज वाटते. अशांसाठी मी आहे. नाव बुन्मा, वय एकसष्ट, वजन पन्नास किलो. बावीस वर्षं मी परक्यांच्या नावानं पळतोय.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मंदिराच्या मागच्या बाजूला जुनं बोधीचं झाड आहे, त्यामागे भिंत. तिथं बघायला कोणी उभं राहत नाही. तिथं मी चालतो. पुढच्या अंगाला आलो की परत पळतो. बावीस वर्षांत कोणाला कळलं नाही आणि बाबांनीही तक्रार केली नाही.

आता लम्दुआनचं सांगतो. धक्क्यावर तांदळाच्या शेवया आणि माशाची आमटी विकते ती. वय शेहेचाळीस, वजन एकशे अठरा. चहाडी करत नाहीये मी. दर नव्या वर्षाला ती बर्फाच्या कारखान्यातल्या मासळीच्या काट्यावर चढते आणि आकडा स्वतःच ओरडून सांगते. लोकांनी कुजबुजण्याआधी आपणच बोंब मारावी, असा तिचा हिशेब. नवरा कधीच दुसऱ्या गावी दुसरं घर करून बसलाय. घरात ती आणि तिचा एकुलता एक ताम.

तामला एकविसावं लागलं त्या वर्षी, एप्रिलमध्ये, तालुक्याच्या सभागृहात त्याला चिठ्ठी काढायला बोलावणं आलं. लाल निघाली तर दोन वर्षं फौजेत, काळी निघाली तर घरी. पुढे पोरं रांगेत, मागे खुर्च्यांवर आया हात जोडून. मी अशा दिवशी तिथं जातोच. गिऱ्हाइकं तिथंच मिळतात.

नवस बोलायची एक रीत असते. मुरलेल्या बायका म्हणतात, "बाबा, फेऱ्या घातल्या जातील." कोण घालील, कधी, कशा, यातलं काही बोलायचं नाही. पुढचं मग आपल्या हातात राहतं. पण तामच्या पुढच्या तिघांना लागोपाठ लाल चिठ्ठी निघाली आणि लम्दुआनचा धीर सुटला. उचलली जीभ लावली टाळ्याला. खुर्चीवरून उठून दोनशे माणसांसमोर ती ओरडली, "खाऱ्या बाबा, माझ्या पोराला काळी दे! मी स्वतः, माझ्या पायांनी, नऊ फेऱ्या पळीन! एकदाही न थांबता!"

सभागृह हसलं. चिठ्ठ्यांचं भांडं धरून बसलेला अधिकारीसुद्धा हसला. तामनं मान खाली घालून हात भांड्यात घातला, आणि बोलाफुलाला गाठ पडली. काळी निघाली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गाडीवर गेलो. शेवया मागवल्या आणि म्हटलं, "लम्दुआन, पावसाळ्यात भिक्खू वर्षावासाला बसायच्या आत फेडायला हवं. मंगळवारी मी मोकळा आहे."

"कशाला?"

"तुझ्या फेऱ्या घालायला."

तिनं माझ्या ताटलीत आमटी ओतली. "काका, पळीन कोण म्हणालं होतं?"

"अगं, म्हणायला काय जातंय. बाबा समजून घेतात."

"बाबा समजून घेतील. मी नाही घेत. तुम्ही खा."

तेवढ्यात सार्जंट वीचिएन आला. फौजेतून निवृत्त झाला आणि विहाराचा माईक हाती घेतला, तो आजवर खाली ठेवलेला नाही. म्हणाला, "लम्दुआन, तू पळणार? मग मंदिराची फरशी आधी पक्की करून घ्यायला हवी!"

"करून घ्या सार्जंट. देणगीच्या पाटीवर तुमचंच नाव टाका."

गाव हसलं ते ठीक. पण तामही हिरमुसला. तो माकूळ मासळी पकडणाऱ्या बोटीवर जायचा, संध्याकाळी निघून सकाळी परतायचा. बोटीवरच्या पोरांनी आईची नक्कल करून त्याला हैराण केलं होतं. "आई, बुन्मा काकांना दे ना. सगळेच देतात."

त्यावर ती जे बोलली ते मी ऐकलं, कारण माझी ताटली अजून संपायची होती. "न फेडलेला नवस डोक्यावर घेऊन तू समुद्रावर जातोस. रोज रात्री मी तेवढंच बघत पडते. पोरं हसतात ना, हसू दे. तू परत ये म्हणजे झालं."

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तिला काट्यावर उभं केलं, रक्तदाब तपासला आणि सांगितलं, "मावशी, आधी तीस किलो उतरवा, मग पळायचं बघा."

"तोवर वर्षावास माझ्यासाठी थांबेल का बाई? मी बारीक व्हायला नाही पळत, पळायचंय म्हणून पळते. हे अंग आहे ना माझ्याकडे, मग ह्याच अंगानं पळणार. दुसरं कुठून आणू?"

नर्सबाई चांगल्या. त्यांनी डोकं हलवलं आणि मग सांगितलं की छातीत दुखलं तर त्याच जागी बसायचं, दर सोमवारी येऊन दाब दाखवायचा आणि चपला घालून पळायचं नाही. लम्दुआननं ती तिन्ही पथ्यं शेवटपर्यंत पाळली.

पहिल्या सकाळी मी समुद्राकाठच्या रस्त्यावर मजा बघायला गेलो, खोटं कशाला बोलू. तामची फुटबॉलची चड्डी, वर लुंगी, त्यावर दोन बनियन, पायांत बाजारातले नवे बूट. विजेच्या एका खांबापासून ती निघाली आणि दुसऱ्या खांबापर्यंत पोचलीच नाही. मध्येच वाकून गुडघे धरले आणि असा श्वास घ्यायला लागली की धक्क्यावरची कुत्री भुंकत आली. बर्फवाला ट्रकमधून ओरडला, "मावशी, जमीन हलतेय! लाट येणार की काय, वर पळू का?"

"पळ!" ती धापा टाकत म्हणाली. "तू तरी पळ मेल्या!"

मी म्हटलं, आता ही उद्या येत नाही. ती आली. मांड्या घासून सोलवटल्या होत्या, तर त्यांना खोबरेल चोपडून आली. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तेव्हा दोन दिवस बसली आणि तिसऱ्या दिवशी आली. आठवड्यात तिनं दुसरा खांब गाठला. मग एक खांब पळायचं, एक चालायचं. मग दोन पळायचे, एक चालायचं. मला वाटतं, मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते तिची पावलं ऐकून. इतकं आपटत पळत होती की ऐकवेना. "अगं, पायाखाली कोणी शत्रू आहे का? लहान पावलं टाक. गप्पा मारता येतील इतकंच पळ." त्यानंतर मी रोज तिच्याबरोबर पळायला लागलो आणि गप्पाही रोज झाल्या. सगळ्या तिच्याच.

सातला ती गाडी लावायची. आठला शाळेच्या भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं आणि गाव आहे तिथं उभं राहतं. तेव्हा ती हातात पळी घेऊन ताठ उभी असायची, घामानं निथळत. लोक म्हणायचे, आमटी खारट झाली. ती म्हणायची, बाबाच खारे आहेत तर आमटी का नको!

जूनमध्ये मी तिला माझं गुपित सांगितलं. खरंच दया आली होती. "हे बघ, बोधीच्या मागे कोणी नसतं. तिथं चाल. नऊ फेऱ्यांत नऊदा दम खाता येईल."

ती उभी राहिली. "काका, तुम्ही तिथं चालता?"

"सगळेच चालतात."

"सगळे नाही हो. तुम्ही." एवढंच बोलून ती पुढे पळाली. मला राग आला. पाच दिवस मी गेलो नाही. सहाव्या दिवशी गेलो, कारण घरी बसून तरी काय करणार!

वर्षावासाच्या आदल्या सकाळी अर्धं गाव विहारात जमलं. सार्जंटनं माईकवरून सगळ्यांना बोलावलं होतं, "घोडामैदान जवळच आहे मंडळी!" ठरलं होतं सातला. पण एक बोटमालक फटाक्यांच्या माळा घेऊन आला, बोटीला भरपूर मासळी लागली म्हणून. माळा संपायला अर्धा तास, लाल कागद झाडायला अजून थोडा. मी तिला केळीचा घोडा दिला, तिनं बाबांना नमस्कार केला आणि निघाली. तेव्हा मी घड्याळ बघायला हवं होतं. रोज पळवणारा मी, आणि तेवढंच बघितलं नाही.

पहिल्या तीन फेऱ्यांना लोक हसत होते. केळीचा घोडा, त्यावर लम्दुआन, कोणालाही हसू येईल. चौथीला हसणं कमी झालं. सहावीला तामचे बोटीवरचे दोस्त आकडा मोजायला लागले. "सात!" झालं. आठवी अर्धी झाली, ती मंदिराच्या पुढच्या अंगाला होती, आणि शाळेचा भोंगा वाजला.

राष्ट्रगीत. सगळा विहार जागच्या जागी थिजला. सार्जंटची टाच टाचेला लागली. भिक्खू उभे, पोरं उभी, बोटमालक अर्ध्या अंड्यासकट उभा. आणि लम्दुआनही उभी राहिली. चाळीस वर्षांची सवय पायांना, डोक्याला न विचारताच थांबले. घोडा पायांत, हात सरळ, छाती वरखाली, आणि काय झालंय ते तिला समजत गेलेलं चेहऱ्यावर दिसत होतं. तो चेहरा मला बघवला नाही.

राष्ट्रगीत संपलं. सार्जंट लगेच माईकवर, आणि सांगायला हवं, प्रेमानं, "चालू दे लम्दुआन, हत्ती गेला, शेपूट राहिलं! दीडच फेरी!"

ती हलली नाही. मी धावत गेलो. ती म्हणाली, "काका, मी थांबले."

"राष्ट्रगीताला थांबलीस. ते थांबणं धरत नाहीत."

"थांबले की नाही?"

"अगं बाई, बाबांना कळतं!"

"मी तुम्हाला विचारतेय. थांबले की नाही?"

"थांबलीस," मी म्हटलं.

ताम मध्ये आला, रडायच्या बेतात. "आई, पुरे. माझ्यासाठी होतं ना? मी म्हणतो पुरे. उरलेल्या मी पळतो."

"तू चिठ्ठी काढलीस, तुझं काम झालं," ती म्हणाली. "पाणी दे." अर्धा पेला प्यायली, अर्धा डोक्यावर ओतला. मग सार्जंटकडे वळून म्हणाली, "माईक चालू आहे ना? मग मोजा. एकपासून."

कोणी हसलं नाही. कोणीतरी बाई म्हणाली, मरेल ही. नर्सबाई गर्दीतून पुढे आल्या, तिचं मनगट धरलं, डोळ्यांत बघितलं. "छातीत?" "काही नाही बाई. नुसते पाय." नर्सबाईंनी हात सोडला.

मी मागे जाऊन बोधीखाली उभा राहिलो. का गेलो, तेव्हा मला कळलं नव्हतं. दर फेरीला ती मंदिराच्या कोपऱ्याआडून यायची, तिथं ना गर्दी, ना माईक, फक्त मी. तोंड लाल, ओठ पांढरे, आणि पावलं लहान, मी शिकवली तशी. चौथ्या फेरीला ती इतकी हळू झाली होती की शेजारून मी सहज चाललो असतो. पण ती पळत होती. दोन्ही पाय जमिनीवरून सुटत होते, बोटभरच, पण सुटत होते. सातव्या फेरीला ती मोठ्यानं शिव्या देत होती, बाबांना नव्हे, गुडघ्यांना. नवव्या फेरीला माझ्याकडे बघून म्हणाली, "बघताय ना काका?"

"बघतोय," मी म्हटलं.

पुढून गर्दीचा जो ओरडा उठला तो धक्क्यापर्यंत गेला. मी पोचलो तेव्हा ती फरशीवर पाय पसरून बसली होती, ताम तिचे बूट काढत होता आणि सार्जंट तिला स्वतःच्या टोपीनं वारा घालत होता. त्यानं माईक खाली ठेवला होता.

हे झालं त्याला एक महिना झाला. नव्या वर्षाची वाट न बघता ती परवा काट्यावर चढली आणि ओरडली, "एकशे तेरा!" नर्सबाईंना तोंड वाकडं करायची सोय राहिली नाही. आणि सकाळी ती अजून पळते. आता तर नवस नाही, काही नाही. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "आता पळायला कोणाला विचारायचं राहिलंय का?"

गेल्या गुरुवारी शहरातून एक बाई आल्या, त्यांच्या लेकाला नोकरी लागली होती. नऊ फेऱ्या. मी घोडा घेतला आणि निघालो. पहिली फेरी, बोधीपाशी आलो, पाय सवयीनं मंदावले. झाडाखाली, बूट सोडून, पाण्याची बाटली घेऊन लम्दुआन बसली होती. सकाळचं पळून झालं असावं. बाटली बाजूला ठेवून ती नुसती माझ्या पायांकडे बघत राहिली.

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मी खाऱ्या बाबांच्या पाठीमागे पळालो.