उपासाची भजी

मी खादाड नाही. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण ज्या दिवसाची ही हकिकत आहे त्या एका दिवसात मी जेवढं खाल्लं, तेवढं आमच्या घरात चार दिवसांत शिजत नसे. आणि त्यातलं बहुतेक मी उपास आहे असं सांगून खाल्लं.

तेव्हा मी लोणावळ्यात शाळामास्तर होतो, वय तिशीच्या अलीकडे पलीकडे. वडिवळ्याच्या वाटेवर एका दवाखान्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. गावकऱ्यांनीच दगड वाहून त्या रचल्या होत्या, पण छप्पर नव्हतं. छप्पर नाही म्हणून डॉक्टर येईना, आणि डॉक्टर नाही म्हणून बाई अडली की तिला झोळीत घालून चौघं जण कामशेत स्टेशनाकडे पळत. कधी गाडी मिळे, कधी नुसता तिचा धूर दिसे. पावसाच्या आत छप्पर चढलं नाही तर भिंतीसुद्धा बसतील, असं गवंडी म्हणत होता.

लोणावळ्यात एका पारशी शेटजींचा बंगला होता. त्यांना सायकलचं वेड होतं. गुडघ्यांमुळे स्वतःला चालवता येत नसे, म्हणून ते व्हरांड्यात बसून दुसऱ्यांनी चालवलेली बघत. आमची दवाखान्याची समिती छपरासाठी त्यांच्याकडे गेली तेव्हा ते म्हणाले, "पत्रा समदा माझा. पण एक माणूस सायकलवर पुन्याला जाऊन त्याच दिवशी परत आला पायजे. वाटेत गावागावात थांबायचा, वासे मागायचा, मजुरी मागायचा. पुन्यात माझ्या भाच्याच्या दुकानाला हात लावायचा. आणि संध्याकाळी फाटकावरचा दिवा मी सोता पेटवते, त्याच्या आधी फाटकात पायजे. फुकट दिला तर लोक म्हणेल, शेटला पत्रा जड झाला होता."

समितीत आम्ही तिघे होतो. एकाला दमा होता, दुसऱ्याला सायकल येत नव्हती. तिसऱ्याजवळ कारण नव्हतं, तो मी.

ही बातमी पसरली आणि सगळं गाव माझ्या पोटाला लागलं. इतक्या लांब जाणाऱ्या माणसानं काय खावं आणि काय प्यावं, यावर लोणावळ्यात मत नसलेला माणूस उरला नाही. वैद्यबुवा म्हणाले, तूप प्या, सांध्यांना वंगण लागतं. तालमीचे वस्ताद म्हणाले, तूप नको, बदामाची थंडाई प्या आणि सकाळी बारा कच्ची अंडी. मी अंडी खात नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या पोटऱ्यांकडे बघून मान हलवली. हेडमास्तरांनी व्यायामावरचं एक पुस्तक आणून दिलं. त्यात लिहिलं होतं की लांबच्या प्रवासात अन्न हे शत्रू आहे. दर तासाला लिंबू-मधाचं पाणी आणि भिजवलेले बदाम, बाकी काही नाही. मला ते पुस्तक पटलं. छापलेलं मला लवकर पटतं.

बदाम सोलताना बायको म्हणाली, "अहो, वाटेत माणसं राहतात ना? ती ताट पुढे करतील तेव्हा हे पुस्तक दाखवणार का त्यांना?"

"नम्रपणे नको म्हणेन."

"म्हणा," ती म्हणाली. "तुम्हाला भाजीवाल्याला नको म्हणता येत नाही. परवा तीन भोपळे घेऊन आलात."

मंगळवारी पहाटे मी निघालो. हँडलला दोन बाटल्या लिंबाचं पाणी, खिशात बदामांची पुरचुंडी, धोतराला चिमटे. उतार होता, वारा गार होता, आणि आपण लोकांसाठी काहीतरी करतो आहोत असं मला वाटत होतं. हे असं वाटणं माझ्या प्रकृतीला कधी मानवत नाही.

पहिलं गाव कार्ले. तिथली एक वयस्क बाई, जिला सगळे मावशी म्हणत, रस्त्याकडेला वाट बघत उभी होती. छपराची मधली तुळई तिच्या घरून यायची होती. वडिवळ्याकडे दिलेल्या मुलीच्या बाळंतपणात तिनं ती झोळी आणि ती धाव पाहिली होती, आणि मुलगी त्यातून परत आली नव्हती. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तिनं तांदळाच्या भाकऱ्यांची चवड आणि पिठल्याचं पातेलं पुढे सरकवलं तेव्हा मी सायकलवरून उतरलो.

"बसा मास्तर. पोटात असंल तर पाय फिरत्याल."

मला पुस्तक आठवलं. अन्न हे शत्रू. नको म्हणावं तर बाई दुखावणार, खावं तर पुणं गाठायचं कसं? समोर डोंगरावर देवीचं देऊळ दिसत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, आज माझा उपास आहे."

"कुणाचा?"

"देवीचा."

मावशीनं डोंगराकडे बघून हात जोडले. माझ्याकडे बघून पुन्हा जोडले. "दवाखान्यासाटी धरलासा? काम हुईस्तवर?"

मी मान हलवली. होय आणि नाही यांच्या मधे कुठेतरी हलवली, पण तिनं होय घेतलं. "आन् मी येडी पिठलं करून बसले!" असं म्हणत ती आत गेली आणि उकडलेली रताळी, भाजलेले शेंगदाणे आणि तांब्याभर म्हशीचं दूध घेऊन आली. उपास करणाऱ्याला रिकामं जाऊ देणं म्हणजे तिच्या दृष्टीनं पापच. मी सगळं खाल्लं. पुस्तकात रताळ्यांविषयी काही नव्हतं, एवढाच आधार.

कार्ल्याजवळच मळवलीचं स्टेशन आहे, हे मी विसरलो होतो. सकाळच्या गाडीनं माझा उपास माझ्यापुढे गेला. कामशेतला पोचलो तर लोक वरईचा भात आणि दाण्याची आमटी मांडून बसले होते. डोंगरातल्या वाडीवरचा एक आबा मुद्दाम खाली उतरला होता.

"देवीच्या उपाशाला आमच्या वावरातली वरई," तो म्हणाला. "लाजू नगा. तुमी खाल्लं तर आमाला पुण्य."

"आबा, मी आत्ताच रताळी खाऊन—"

"रताळं येगळं, वरई येगळी."

त्यानं दहा वासे कबूल केले आणि दहा वेळा वाढलं. वडगावला केळी होती, राजगिऱ्याचे लाडू होते आणि पुन्हा दूध. तिथल्या भाऊंनी मजुरांची जबाबदारी घेतली. ते सांगत असताना मी फक्त माझ्या पोटाचा आवाज ऐकत होतो. वरई पोटात गेल्यावर फुगते, हे ज्यांनी खाल्ली आहे त्यांना माहीत असेल. ज्यानं ती खाऊन सायकल चालवली आहे असा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. खिशातल्या बदामांना मी हातही लावू शकलो नव्हतो, आणि देहूरोडच्या पुढे एका झाडाखाली उतरून मी त्यांची मनोमन क्षमा मागितली.

पुण्यात भाच्याच्या दुकानाला हात लावला. भाचा हसला, म्हणाला, "मास्तर, तोंड फार उतरलं." उतरलं होतं ते गोडानं. सकाळपासून दूध, केळी, लाडू, रताळी! मला मीठ हवं होतं, तिखट हवं होतं. समोर एक हॉटेल होतं आणि त्याच्या दारात कढई होती. मी कांदाभजीची प्लेट आणि चहा मागवला. ती संपली. दुसरी मागवली. तीही अर्ध्यावर आली, तेव्हा शेजारच्या बाकावरून आवाज आला:

"राम राम, मास्तर."

कामशेतचा एक शेतकरी होता. आंबेमोहोराचा भाव काढायला पुण्याला आला होता. सकाळी त्यानंच मला आमटी वाढली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कांद्याकडे पाहिलं.

"राम राम," मी म्हणालो. तोंडात भजं होतं.

"चालू द्या," तो म्हणाला. "मला दुपारची गाडी धरायचीय."

मला पळत जाऊन त्याला थांबवायचं होतं, पण काय सांगून? मी निघालो. येताना चढ, समोरून वारा, आणि वारा नसता तरी मला तो वाटलाच असता.

वडगावात शिरलो तर भाऊ पारावर बसलेले. पुढे ताट, ताटात कांदाभजी. मी खाली मान घालून दोन खाल्ली. "गाडीनं बातमी आली," भाऊ म्हणाले, "की मास्तरांना हे चालतं. उगा सकाळी केळी घातली आमी." मागे कोणीतरी फसकन हसलं. "मजूर येत्याल, घाबरू नका. पन पुन्हा याल तवा तरी भूक लागली तर भूक लागली म्हणा."

कामशेतला भजी थाळाभर होती. आबा म्हणाला, "वरई ग्वाड लागली न्हाई व्हय? सांगायचं तर." हे मला जास्त लागलं. वरई खरंच चांगली होती. तसं सांगितलं तर तो म्हणाला, "आता कसं खरं मानू?" आणि हसून आणखी दोन भजी माझ्या हातावर ठेवली. वासे मात्र काढून ठेवलेले होते, मी ते मोजायला गेलो नाही.

मला भीती होती ती कार्ल्याची. तिथं मी देवीचं नाव घेतलं होतं, आणि तुळई तिथली होती. तुळईशिवाय वासे टेकणार कशावर?

ऊन कललं होतं. मावशी त्याच जागी उभी होती. तिच्या हातातही ताट होतं आणि त्यात भजी होती, पण ती हसत नव्हती.

"खा," ती म्हणाली. सकाळचं "बसा मास्तर" गेलं होतं.

"मावशी, माझं चुकलं. मला उपास नव्हता. तुमचं पिठलं नको म्हणायला मी—"

"ते गाडी आली तवाच कळलं."

"तुळई..."

"तुळई हाय की. तुळईनं काय क्येलं?" तिनं ताट कट्ट्यावर ठेवलं. "पन द्येवीपुढं शबूद गेला ना? काम हुईस्तवर उपास, असा गेला. मोडून कसं चालंल? दुपारपासून मी धरलाय त्यो. तुझा."

मी हँडलची उरलेली बाटली सोडून तिच्यापुढे धरली.

"पाणीसुदिक न्हाई घेतलं. तू शेटच्या फाटकात पोचलास की मला निरोप दे, मंग मी खाईन. न्हाई पोचलास तर..." तिनं विचार केला. "तर मग बघू. जा. हितं उभा राहून माझी भूक वाढवू नगंस."

त्या दिवशी मी लिंबू, मध, रताळी, वरई, दूध, केळी, लाडू, चहा आणि तीन ठिकाणची भजी यांवर सायकल चालवली असं म्हणता येईल. पण कार्ल्यापासून लोणावळ्यापर्यंतचा चढ यांपैकी कशावरही चढलो नाही. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला मला ती कट्ट्यावर बसलेली, ताट झाकून ठेवलेली दिसत होती. वलवणला एक टांगेवाला ओरडला, "मास्तर, मागं वाघ लागलाय का?" मी म्हणालो, "मावशी." त्याला काय कळलं देव जाणे.

बंगल्याच्या वळणावर आलो तेव्हा डोंगरामागे सूर्य गेलेला होता. शेटजी फाटकाशी स्टूल घेऊन बसलेले, दिव्याची काच उघडी, हातात काडी. मी लांबून पाहिलं. काडी पेटली, विझली. दुसरी पेटली, विझली. तिसरी पेटली, तेव्हा मी फाटकातून आत घुसलो आणि कुंडीवर आदळून पडलो.

"वारा फार आज," शेटजी म्हणाले आणि चौथ्या काडीनं दिवा लावला.

पान हलत नव्हतं. हे मी त्यांना कधी बोललो नाही. त्यांच्या तीन काड्या माझ्यामुळे फुकट गेल्या, याचं मात्र मला पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

त्यांनी मला हाताला धरून टेबलाशी नेलं. केक होता, ऑम्लेट होतं, रासबेरीचं लाल सरबत होतं. "खा मास्तर, पी! पत्रा तुमचा झाला!"

मी म्हणालो, "शेटजी, मला उपास आहे."

त्या दिवसात ते वाक्य पहिल्यांदाच खरं होतं.

शेटजींचे डोळे मोठे झाले. त्यांना समजावायला वेळ नव्हता. मी तसाच लंगडत स्टेशनवर गेलो. पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती. गार्डाला गाठून म्हटलं, "मळवलीला पोर्टरला सांगा, कार्ल्याच्या मावशीला निरोप द्यायचा. मास्तर पोचले, आता जेवा."

गार्ड म्हणाला, "ते भजीवाले मास्तर तुम्हीच का?"

गाडी सुटेपर्यंत मी फलाटावर उभा राहिलो. घरी गेल्यावर बायकोनं ताट वाढलं आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. बदामांची पुरचुंडी खिशातून तशीच निघाली. तिनं ती उघडून बघितली आणि डब्यात परत ठेवली. मी मात्र मळवलीला गाडी पोचली असेल असा अंदाज येईपर्यंत घास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पानात बांधलेला एक पुडा आला. आत चार भजी होती, पुन्हा तळून कडक केलेली. पोर्टरनं निरोप पाठवला होता: "मावशी जेवली. म्हणाली, उपास सुटल्यावरची प्रसादाची अर्धी भजी मास्तरांची."

पावसाच्या आत छप्पर चढलं. तुळई चढवायच्या दिवशी मावशी खाली उभी राहून वर बघत होती, आणि मजुरांना भाकरी-पिठलं वाढत होती. माझ्यापुढे ताट आलं तेव्हा तिनं विचारलं, "आज कुणाचा?"

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.