तिच्या हाकेवर आलेली मांजरं

आमच्या जिन्याच्या तळाशी एक अरुंद खोली आहे. तिथे ताई वेताच्या खुर्च्या विणते. बसून बसून भोक पडलेली खुर्ची तिच्याकडे येते. ती जुना वेत कापून काढते, नवा टबात भिजत घालते, आणि चौकटीच्या भोकांतून ओवत, प्रत्येक भोकात छोटी लाकडी खुंटी ठोकत नवी बैठक भरत नेते. तिच्या बोटांवर इतके बारीक चरे आहेत की लिंबू पिळायचं म्हटलं की ती मला हाक मारते.

ताई म्हणून तिला सगळी गल्लीच ओळखते, कारण तिचा धाकटा भाऊ बारक्या तिला तशी हाक मारतो, आणि त्याचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना जातो. आई गेली तेव्हा तो दुपट्यात होता. ताईने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "मूल आधीच झालेलं होतं, नवरा कशाला हवा होता?"

सकाळची प्रार्थना आटोपून मी दोन कप चहा घेऊन खाली उतरते. ताई देवाधर्माची नाही. "तू वर बोलतेसच ना, माझंही त्यातच धर," म्हणते. मी धरते. संध्याकाळी वहीत दिवस लिहिताना तिचं काही ना काही येतंच, म्हणून हे जरा सविस्तर लिहायला बसले.

ताईकडे पाच मांजरं होती. होती म्हणजे, येत होती. ताईने खुंटी घेऊन खुर्चीच्या पायावर टक, टक-टक असं ठोकलं की बाहेरच्या कुंपणाच्या भिंतीवरून एकेक उतरायची. पिवळी सगळ्यांत पुढे. मग दोन राखाडी जुळ्या. मग साहेब, तो तपकिरी बोका, जो आधी खुर्ची तपासायचा आणि मगच जेवायचा. शेवटी कारभारीण. तिला नुकतीच तीन पिल्लं झाली होती, ताईच्याच खोलीत, वेताच्या टोपलीत.

बारक्या जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. पिंजरे धुतो, डॉक्टरीणबाई सुई टोचतात तेव्हा जनावर धरून ठेवतो. यंदा आसपासच्या मांजरांच्या तोंडात फोड यायला लागले, काही गेलीही, आणि त्यासाठीच दवाखान्यात नवीन लस आली. बारक्याने रोज टुमणं लावलं.

"ताई, देऊन टाकू ना."

"नवीन म्हणजे किती नवीन?"

"नवीन म्हणजे नवीन. सगळीकडे देतात आता."

"सगळीकडे म्हणजे कुठे? एक जागा सांग."

"तू खुर्ची विणताना गिऱ्हाईक असे प्रश्न विचारतं का तुला?"

"विचारतं. मी उत्तर देते."

शेवटी ताई स्वतःच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी हातचं काही राखून न ठेवता सांगितलं. एखाददुसरा दिवस मरगळ येते, बहुतेकांना तीही नाही. पण लस नवी आहे, म्हणून पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीला त्या सध्या देत नाहीत. ठरवायचं तुम्ही, म्हणाल्या, मात्र फार दिवस घालवू नका.

ताईचा घोळ वेगळाच होता. मला म्हणाली, "माझी असती तर एका झटक्यात ठरवलं असतं. ती माझी नाहीत गं. माझ्याकडे येतात, एवढंच. विश्वासाने आलेल्याला धरून सुई टोचायची, आणि काही झालं तर?"

"आणि नाही टोचली, आणि काही झालं तर?" मी म्हटलं.

"म्हणूनच झोप उडालीय."

मी म्हटलं, मी प्रार्थना करते. बारक्या दारात उभा होता. "करा काकू, तोवर रोगाला मी थांबायला सांगतो." ताईही हसली, मीही हसले. तो गमत्या आहेच. पण त्याच्या मनात काय शिजत होतं ते आम्हाला दिसलं नाही. गल्लीतली सगळी मांजरं मी आणून देतो, असा शब्द तो दवाखान्यात देऊन बसला होता.

मग एका दुपारी ताईने हातातला वेत खाली ठेवला आणि म्हणाली, "द्यायची. कारभारीण सोडून. पिंजरा नको, जाळी नको. एकेकाला मांडीवर घेऊन मी स्वतः जाईन. उद्या सांगते बारक्याला." तिचा चेहरा असा मोकळा झाला की मलाच हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन उतरले तेव्हा बारक्या आधीच आलेला होता. धापा टाकत होता.

"ताई, मागच्या रस्त्यावर पिवळी पडलीय म्हणतात. गाडीखाली."

ताईच्या हातातली सुरी टबात पडली. "पिवळीच? तू पाहिलंस?"

"मी नाही गं, कुणीतरी सांगितलं. तू ठोक ना जरा. बाकीची तरी धड आहेत का बघू."

ताई रडत होती. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. बारक्या समोर उभा राहून बघत होता. तिने खुंटी घेतली आणि ठोकलं. भिंतीवरून पहिली उतरली ती पिवळी. ताईच्या तोंडून रडता रडताच हसू फुटलं, आणि ती पिवळीला उचलायला वाकली. बाकीची मांजरंही आत आली. तेवढ्यात जिन्यामागून दवाखान्याची दोन माणसं जाळ्या घेऊन पुढे झाली.

पुढचं मी लिहीत नाही. मांजरं कशी ओरडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी दोन्ही कप हातात धरून जिन्यात उभी होते.

पिंजरे उचलताना बारक्या म्हणाला, "दोन तासांचं काम आहे. त्यांच्या भल्याचंच आहे ना?"

"मी आज हो म्हणणार होते रे," ताई म्हणाली.

"मग झालं की. मी फक्त वेळ वाचवला."

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

मांजरं दुपारी परत आली. कारभारणीला दूध असल्याचं डॉक्टरीणबाईंनी ओळखलं आणि तिला तसंच परत पाठवलं. बाकी चौघांना लस मिळाली. पिंजरे उघडले तशी चौघं भिंतीपलीकडे गेली. कारभारीण मात्र टोपलीकडे गेली, एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि निघाली. परत आली, दुसरं नेलं. मी दार लोटायला उठले तर ताई म्हणाली, "अडवू नकोस. मीही नेलं असतं." तिसरंही गेलं.

त्यानंतर ताई ठोकायची आणि मांजरं भिंतीवरून नुसती बघायची. पिवळी डोळे मिटायची, उघडायची, पण उतरायची नाही.

त्यात आणखी एक भानगड होती. लशीचा दुसरा डोस वेळेत दिला नाही तर पहिला जवळजवळ वाया. ताई डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि मांजरं कशी नेली ते सांगितलं. त्या चकित झाल्या. "तुम्ही होकार दिलाय असं सांगितलं मला त्याने." त्यांनी माफी मागितली. बारक्या म्हणाला, "परत एकदा ठोक, आपण पकडू." ताई म्हणाली, "तू यायचं नाहीस."

तिने एक पिंजरा मागून आणला आणि खोलीच्या मधोमध ठेवला. दार दोरीने उघडं बांधलं. जेवण आत. खुर्च्या भिंतीला सरकवल्या. गिऱ्हाईकं कुरकुरली. बऱ्याच दिवसांनी एक जुळी आत जाऊन जेवली, मग दुसरी, मग पिवळी. साहेब शेवटपर्यंत आला नाही. वेळ आली तेव्हा ताईने तिघींना त्यांच्यासमोर बसून स्वतःच्या हाताने कोंडलं. "कुणी केलं ते त्यांना दिसू दे," म्हणाली. दवाखान्यापर्यंत पिंजऱ्यावर हात ठेवून गेली.

तिघी ठणठणीत आहेत. सुटल्यावर जुळ्या दोन दिवसांत परत आल्या. पिवळी दारापर्यंत येते. कारभारीण कुठे आहे, कुणाला माहीत नाही.

बारक्या काल आला होता. "बघ ताई, एकही आजारी नाही. मी बरोबरच होतो की नाही?"

"हो रे. औषध चांगलं निघालं," ती म्हणाली आणि विणत राहिली. तो गेला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "तूच वाढवलंस त्याला. क्षमा कर, देव तरी दुसरं काय सांगतो?"

"लशीचं कधीच केलं," ताई म्हणाली. "खोटं बोलला, तेही गिळेन. पण पिवळी मेली समजून मी रडत होते, आणि तो समोर उभा राहून वाट बघत होता. त्याचं काय करू, ते विचार तुझ्या देवाला."

आज सकाळी प्रार्थनेत विचारलं. उठले तेव्हा चहा गार झाला होता. नवा करून खाली नेला.