नववा फर्मा

आमच्या प्रकाशनसंस्थेत त्यांना सगळे दाभणमामा म्हणत. पुस्तक शिवण्याआधी भोकं पाडायचं दाभण त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी असे. बँकेत सही करायची वेळ आली की आधी दाभण बाहेर यायचं, मग मामा ओशाळून शेजारच्या माणसाकडे पेन मागायचे. त्रेचाळीस वर्षं ते आमच्याकडे बांधणीला होते. मी तिथे मुद्रितं तपासत असे, म्हणजे छापण्याआधी चुका शोधायच्या. मामांची चूक मात्र एवढ्या वर्षांत मला दिसली नाही.

मामा बोलायला तिखट होते. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "माझ्या पुस्तकात पान चुकत नाही." कामावर नवीन माणूस आला की त्याला ते ऐकावं लागे. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं तर त्यालाही.

आता संस्था बेबी चालवते. ती मोठ्या मालकांची मुलगी. बाकी सगळे तिला मॅडम म्हणतात, पण मी तिला दोन वेण्यांत पाहिलेलं, त्यामुळे माझ्या तोंडी बेबीच. दुकानातली गर्दी रोडावली तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली नाही. बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत उभी राहून लोक फोनवर काय वाचतात ते बघायला लागली.

"मावशी, लोक वाचायचे थांबलेले नाहीत," ती एकदा मला म्हणाली. "काही अडलं की शोधतात. त्या वेळी आपण तिथे नसतो, एवढंच."

मग तिने बाजारातून संपलेली उपयोगाची पुस्तकं निवडली. शिवणकामाची, वायरिंगची, पंपदुरुस्तीची, घरच्या आजारी माणसाच्या सेवेची. ती स्कॅन करायची, मजकूर मोठ्या अक्षरांत, लहान लहान भागांत फोनवर द्यायचा, ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांना ऐकायची सोय करायची. यंत्राने ओळखलेली अक्षरं तपासायला तिने मला आठवड्यातून चार दिवस परत बोलावलं.

मामांना हे पटलं नव्हतं. "पाठ नाही, पुठ्ठा नाही. मग पुस्तक धरायचं कुठं?"

पण स्कॅन करायला पुस्तक सुटं करावं लागतं आणि तिथे त्यांना काम मिळालं. बांधणीखातं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. मागच्या खोलीत उरलं होतं मामांचं टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आणि मामा. स्कॅनवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "मामा, कशाला उसवत बसता? कटिंग मशीनवर दोन सेकंदांत पाठ उडवतो."

"तुझी उडवू का?" मामा म्हणाले.

ते एकेक टाका उसवत, पानं सुटी करून देत आणि स्कॅन झालं की पुस्तक पुन्हा शिवत.

त्या गुरुवारी टेबलावर होतं ते पुस्तक बाळंतपण करणाऱ्या नर्सेससाठी एका अनुभवी नर्सबाईंनी लिहिलेलं होतं. मामांनी कामाला लागल्यावर पहिल्या वर्षी बांधलेलं. हस्तलिखित हरवलं, छपाईसाठी जुळवलेले शिशाचे खिळे तेव्हाच सुटे करून टाकले, लेखिकाही गेल्या. हजार प्रती वॉर्डांतून हाताळून फाटून संपल्या. एकच प्रत एका प्रशिक्षण केंद्राच्या कपाटात निघाली. तिच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलं होतं, "ही प्रत कोणाला देऊ नये." आम्हाला वाटलं, किती जपलंय!

केंद्राच्या मेट्रनबाईंना ते पुस्तक चारशे मुलींच्या फोनवर हवं होतं. सोमवारी वर्ग सुरू होणार होते. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मिळालं नाही तर दुसऱ्या प्रकाशकाचं घेईन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. बेबीच्या नव्या विभागाला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. हे हातचं गेलं तर विभाग बंद आणि मागची खोली भाड्याने, हेही तिने आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. मामांनी त्या वेळी नुसता टेबलावरून हात फिरवला होता.

सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापून त्याची घडी घालतात, तिला फर्मा म्हणतात. फर्म्यांचे गठ्ठे टेबलावर ओळीने मांडायचे, टेबलाभोवती फिरत प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक उचलायचा. एक फेरी, एक पुस्तक. सुटं करताना मामा तेच उलट करत, एकेक फर्मा काढून ओळीने मांडत.

सव्वाअकराच्या सुमाराला त्यांचा हात थांबला. मी समोरच्या टेबलावर होते. त्यांनी दोन फर्मे शेजारी शेजारी ठेवले होते. मी चष्मा सावरून पाहिलं. पहिला एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस. दुसराही एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस. त्यापुढचा एकदम एकशे पंचेचाळीसपासून. आठवा फर्मा दोनदा आला होता आणि नववा नव्हताच.

मी तोंड उघडायच्या आत मामा उठले. "चहा घेऊन येतो."

चहा आमच्याकडे आतच मिळतो.

थोड्या वेळाने स्कॅनवाला पानं न्यायला आला, त्याने पाहिलं आणि बेबीला हाक मारली. तिने दोन्ही फर्मे हातात घेतले. तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, एक बोलू?" स्कॅनवाला म्हणाला. "फोनवर पानांचे नंबर दिसतच नाहीत. अक्षर लहानमोठं केलं की पानं बदलतात. एक आठवा काढून टाकू आणि पुढचं जोडू. कोणाला कळणार आहे?"

त्याने वाचूनही दाखवलं. एकशे अठ्ठाविसाव्या पानाची शेवटची ओळ होती, "अशा वेळी एक हात पोटावर ठेवावा." एकशे पंचेचाळिसावं पान सुरू होत होतं, "आणि बाळाला उबदार कपड्यात गुंडाळावे." सांधा कळतही नव्हता.

बेबीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिचं ते घड्याळ बघणं मला आवडलं नाही. मग तिने विचारलं, "मावशी, त्या सोळा पानांत आहे काय?"

मी अनुक्रमणिका काढली. पान एकशे तीस, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव.

पहिल्या पानावरच्या त्या ओळीचा अर्थ आत्ता कळला. ती प्रत कोणी जपली नव्हती. चारशे मुलींच्या आधी कोणीतरी एकीला तिने दगा दिला असणार, किंवा देता देता राहिली असणार. म्हणून ती वाटली गेली नाही, म्हणूनच फाटली नाही.

"मेट्रनबाईंना नाही म्हणून कळवते," बेबी म्हणाली. तिने फोन उचलला, नंबर शोधला. तेवढ्यात मामा दारात आले. जाऊन दीड तास झाला होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, उन्हात नुसतेच फिरून आल्यासारखा.

"थांबा जरा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमचा तो शब्दकोश द्या."

माझ्या टेबलावर जाडजूड शब्दकोश असतो. रोज शंभर वेळा उघडायचा म्हणून मामांनी कामाला लागले त्याच वर्षी त्याला मुद्दाम दणकट पुठ्ठे घालून दिले होते.

"मामा, ही वेळ आहे का शब्द बघायची?" स्कॅनवाला म्हणाला.

मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नववा फर्मा त्याच्या मागच्या पुठ्ठ्यात आहे."

"तुम्हाला कसं माहीत?" बेबीने विचारलं.

"मीच घातलाय."

मामा उभ्यानेच बोलत राहिले, टेबलाकडे बघत. "छापखाना प्रत्येक फर्म्याचे चार-चार जास्त देतो. हजार पुस्तकं झाली की चार-चारच उरायला पाहिजेत. त्या दिवशी आठवा तीन उरला आणि नववा पाच. म्हणजे एका पुस्तकात आठवा दोनदा गेला, नववा गेला नाही. मला तेव्हाच कळलं. हजार पुस्तकं उघडून बघायला पाहिजे होती. माझी नोकरी चार महिन्यांची. उरलेलं सगळं पुठ्ठ्यांच्या अस्तरात घालून टाकलं, म्हणजे कोणी मोजायला नको. बाकीचं कुठं गेलं ते आठवत नाही. तो एक जास्तीचा नववा कुठं घातला ते विसरता येत नाही."

"का केलंत असं, मामा?" बेबीचा आवाज चढला. "त्याच वेळी सांगितलं असतंत तर?"

"कारण काही नाही. हात चुकला. आणि मग तोंड शिवलं."

खरं कारण मला नंतर त्यांच्या बायकोकडून कळलं. ते पुस्तक बांधलं त्या सकाळी निरोप आला होता की पहिल्या बाळंतपणासाठी तिला दवाखान्यात नेलंय आणि अवघड आहे. काम संपवल्याशिवाय सुट्टी मिळणार नव्हती. मामा टेबलाभोवती फिरत नव्हते, पळत होते. हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

मी शब्दकोश त्यांच्यापुढे ठेवला. मामांनी मागचा पुठ्ठा धारदार पात्याने कापला, कापड सोललं. फर्मा आत होता, पण घडीघडीला खळ लावून त्याचं लाकूड करून टाकलेलं होतं. दोन्ही बाजूंनी छापलेली आठ पानं आणि त्यांच्यामध्ये खळीचे सात थर.

"निघतील?" बेबीने विचारलं.

"खळ पाण्याने मऊ होते. घाई केली तर कागद येईल आणि अक्षर तिथंच राहील."

परातीत कोमट पाणी आलं. ओलं फडकं घालायचं, थांबायचं, कडेला हाडाची पट्टी सरकवून बघायची, परत थांबायचं. पहिला थर सुटायला सव्वा तास लागला. या हिशोबाने रात्रीचे दहा वाजतील, मग तपासायचं कधी, हे सगळ्यांच्या मनात आलं. मग आतले थर ओल धरू लागले तसे लवकर सुटू लागले. सुटलेलं पान कोऱ्या कागदावर ठेवायचं, ते वाळून आकसण्याआधी स्कॅनवाल्याने फोटो काढायचा. त्याची थट्टा कुठल्याकुठे गेली होती. श्वासाने पान हलेल म्हणून तो तोंडावर हात धरून उभा राही.

"ह्या हातांनीच चिकटवलं ना, इतकं घट्ट?" एकदा तो न राहवून म्हणाला.

"चांगलंच काम करायची सवय," मामा म्हणाले. कोणी हसलं नाही, मामाही नाहीत.

पाचव्या पानाला ते थबकले. कडेला कसर लागली होती. पान एकशे सदतीसवर खालच्या सात ओळी खाऊन भोक पडलं होतं; मागच्या बाजूला तिथे प्रकरण संपून जागा कोरीच होती. भोकाच्या वरची ओळ स्वच्छ वाचता येत होती, "हा दाब किती वेळ द्यायचा हे नीट लक्षात ठेवावे." पुढे काही नाही.

बाकीची पानं पाच वाजेपर्यंत निघाली. सगळी वाचता येण्यासारखी, त्या सात ओळी सोडून.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला बेबीने मेट्रनबाईंना फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"कुठल्या सात ओळी?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"दाब किती वेळ द्यायचा, त्या."

मामांनी टेबलाची कड धरली होती.

"अंदाजाने भरल्यात का?"

"नाही."

"भरल्या असत्यात तर पुस्तक दारातूनच परत पाठवलं असतं. ती जागा रिकामी ठेवा, भोवती चौकट करा. आमच्या डॉक्टर बाकीचंही तपासणार आहेत, त्रेचाळीस वर्षांत खूप बदललंय. त्या आजच्या पद्धतीप्रमाणे लिहून देतील, तुम्ही रविवारपर्यंत चौकटीत घाला. फोनवरचं पुस्तक ना? मग घालता येईल की. आणि ओळी का नाहीत ते खाली छापा. माझ्या मुली मला प्रश्न विचारून भंडावतात."

फोन बंद झाला. बेबीने तिथेच बसून टीप लिहिली आणि मोठ्याने वाचली, "तांत्रिक कारणामुळे मूळ प्रतीतील सात ओळी उपलब्ध नाहीत."

"तांत्रिक म्हणजे कोण?" मामांनी विचारलं.

"अहो, असं लिहायची पद्धत असते."

"तिथं मशीन होतं का? मी होतो. माझं नाव घाला."

"मामा, लोक काय म्हणतील?"

"ते ऐकायचं त्रेचाळीस वर्षं राहून गेलंय."

बेबीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने खोडून नव्याने लिहिलं. बांधताना एक फर्मा चुकला, बांधणाऱ्याला ते त्याच दिवशी कळलं होतं, त्याने सांगितलं नाही, नंतर त्यानेच पानं शोधून काढली, पण तोवर सात ओळी कसरीने खाल्ल्या होत्या. पुढे मामांचं नाव, वडिलांच्या नावासकट पूर्ण. बारा वाजायला वीस मिनिटं असताना फाइल गेली.

पुस्तक बांधणाऱ्याचं नाव पुस्तकात कधी नसतं. लेखकाचं असतं, प्रकाशकाचं, छापखान्याचं, चित्र काढणाऱ्याचंही असतं. मामांच्या हाताखालून किती लाख प्रती गेल्या असतील, एकीवरही ते नव्हतं. दुपारी स्कॅनवाल्याने पुस्तक आपल्या फोनवर उघडलं, ती टीप काढली आणि फोन मामांच्या हातात दिला. मामांनी तो पुस्तकासारखा दोन्ही हातांत धरला. अंगठे कुठेतरी लागले आणि अक्षरं भराभर मोठी होत गेली, इतकी की पडद्यावर फक्त त्यांचं नाव मावेल.

"अरे, लहान कर, लहान कर," मामा म्हणाले. पण फोन काही परत दिला नाही.