न बघता टाकलेले पत्ते

माझ्या सासूबाई पत्ते बघत नसत. तीन पत्ते वाटून झाले की त्या ते तसेच पालथे ठेवायच्या, वर डाव्या हाताचा तळवा, आणि उजव्या हाताने चिंचोके पुढे सारायच्या. आमच्या खेळाला सगळे फ्लश म्हणायचे. तीन-तीन पत्ते, ज्याचे भारी तो जिंकला. इतका सोपा खेळ, आणि त्या बाईने मला त्यात अगदी रडकुंडीला आणलं.

मला वाटायचं, मला खेळता येतं. महाडला तळ्यामागच्या आळीत आमचं घर. बाबा कोर्टात कारकून. रविवारी दुपारी त्यांचे दोन-तीन स्नेही यायचे, आणि मी बाबांच्या पाठीशी बसून खेळ बघायची. पुढे-पुढे त्यांच्या जागी खेळायचीसुद्धा. बाबा म्हणायचे, "पत्ते काय, कोणालाही मोजता येतात. समोरच्याचं तोंड वाच." मी वाचायला शिकले. कोणाच्या कानाची पाळी लाल झाली की हातात जोडी, कोण उगीचच खोकलं की हातात काही नाही. मोठा गर्व होता मला त्याचा.

मग लग्न झालं आणि मी पोलादपूरच्या वर डोंगरात आले. साठ सालच्या आसपासची गोष्ट. एस.टी. पोलादपूरपर्यंत, पुढे दोन तास चाल. नवरा मुंबईला गिरणीत. घरात मी, मोठी जाऊ आणि सासूबाई. गौरी घरात असल्या की त्या तीन दिवसांत बायकांनी दुपारी पत्ते खेळायचे, ही त्या घरची रीत. एरवी सासूबाईंना कोणी नुसतं बसलेलं दिसलं तरी खपायचं नाही. पण गौरीपुढे त्या स्वतः पत्त्यांचं फडकं सोडायच्या.

त्या दुपारी आठवल्या की अजून वाटतं, मी त्या जागेपणी बघितल्याच नाहीत. धुकं अंगणात उतरलेलं असायचं, दार उघडं ठेवलं तर घरात यायचं. हळदीच्या पानांचा वास, समईचा वास, कोपऱ्यात तेरड्याची गौर, तिला नेसवलेलं माझंच लग्नातलं हिरवं लुगडं. मधूनच डोळा लागायचा आणि उघडला की वाटायचं, गौरसुद्धा आमच्यात खेळायला बसली आहे. आणि समोर सासूबाई, मांडी घालून, पत्ते पालथे, तोंडावर काही म्हणजे काही नाही.

त्यांचं तोंड वाचायचं कसं? त्यांनाच ठाऊक नाही हातात काय आलंय, तर तोंडावर काय उमटणार! मी हूल द्यायला जावं, तर हूल कोणाला द्यायची? वर नियम असा, की पत्ते बघून खेळणारीने न बघणारीच्या दुप्पट चिंचोके लावायचे, आणि न बघणारीला पत्ते उघडायला लावायचं नाही. म्हणजे मला राजाची जोडी आली तरी मी दुपटीने घालत बसायचं आणि त्यांनी डुलत-डुलत एकेक चिंचोका सारायचा. शेवटी माझा धीर सुटायचा आणि मी पत्ते टाकून डाव सोडायची. जाऊ त्यांचे उलटून बघायची, तर दुर्री, पंजा, सत्ती! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तू लय बघतेस गो," त्या म्हणायच्या. "बघतेस आनी भितेस."

त्यांना मात्र कधी पत्ते टाकताना बघितलं नाही. जाऊ म्हणायची, सात वर्षांत तिनेही नाही.

एका वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी आईचं कार्ड आलं. बाबांना बरं नाही, छातीत कफ धरलाय, तुझी फार आठवण काढतात. एवढंच. आई दोन ओळींच्या वर लिहायची नाही, पण बाबांचं दुखणं तिने कधी लिहिलंच नव्हतं. मी कार्ड घेऊन सासूबाईंकडे गेले.

"भात कापून झालं की जा," त्या म्हणाल्या. "आता पीक उभं हाय. डुकरं पडतायत. राखायला मानूस नाय."

भात कापायला दीड महिना होता. मी रात्रभर कूस बदलत होते. राग आला, खोटं कशाला बोलू, त्यांच्याविषयी वाईट-साईटही मनात आलं.

घरात आणखी एक रीत होती. गौर उठवायच्या आधी शेवटचा डाव खेळायचा, दोघींतच. जी जिंकेल तिने हरलेलीकडे एक गोष्ट मागायची, आणि ती गौरीपुढे मागितलेली म्हणून द्यायचीच. बहुतेक वेळा कोणी बांगड्या मागायचं, कोणी एक दिवस दळणातून सुटका. विसर्जनाच्या दिवशी मी सासूबाईंसमोर जाऊन बसले.

"जिंकले तर उद्या सकाळी महाडला जाईन."

त्या म्हणाल्या, "आनी मी जिंकले, तर भात घरात येईस्तवर माह्याराचं नाव नाय काढायचं."

जावेने पत्ते वाटले. माझा हात सवयीने पत्त्यांकडे गेला. एक कोपरा उचलला असता तर संपलं असतं. बाहेर धुक्यात कोणाची तरी गौर निघाली होती, बायकांची गाणी लांबून यायची आणि विरायची. मी हात मागे घेतला. पत्त्यांवर डावा तळवा ठेवला आणि चिंचोका पुढे सारला.

"अगो बया!" जाऊ म्हणाली.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक सारला. मी एक. त्यांनी एक. दोघीही आंधळ्या. दोघींनीही बघितलं नाही, तर जिचे चिंचोके आधी संपतील तिच्या शेवटच्या चिंचोक्यानंतर दुसरीने एक घालून पत्ते उघडायचे. माझ्याकडे नऊ उरले, मग पाच, मग दोन. आता माझ्या हातात काहीच नव्हतं, ना हिशेब, ना कोणाचं तोंड. बाबा तेवढे डोळ्यांपुढे होते, पांघरुणात बसलेले. शेवटचा चिंचोका मी सारला तेव्हा तोंडावर काय उमटतंय ते लपवायचं मला सुचलंही नाही.

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना एकच चिंचोका घालायचा होता आणि पत्ते उलटायचे होते. त्यांनी तळव्याखालचे तिन्ही पत्ते तसेच पालथे उचलले आणि बाकीच्या गड्डीत खुपसले.

"टाकले मी," त्या म्हणाल्या.

"अवो आत्याबाई, बघा तरी!" जाऊ ओरडलीच.

"काय बघायचं? चला, गौर उठवा. काळोख होईल."

माझे पत्ते मीही उघडले नाहीत. का कोण जाणे, हात धजला नाही.

सकाळी त्यांनी माझ्या पिशवीत नाचणीचं पीठ घातलं आणि वेलीवरचं एक तवसं, चांगली हातभर काकडी. पोलादपूरला एस.टी. मिळाली. बाबा उशीला टेकून बसले होते, अर्धे झालेले. त्यांना सगळा डाव सांगितला. ते हसले, खोकले, परत हसले. म्हणाले, "असल्या बाईसमोर मी कधी बसलो नसतो बुवा." पाचव्या दिवशी पहाटे ते गेले. त्यांचा हात माझ्या हातात होता.

सासूबाईंनी त्यावर पुढे कधी शब्द काढला नाही. गौरी आल्या, गेल्या, त्या पत्ते न बघता खेळत राहिल्या आणि मला हरवत राहिल्या. खूप वर्षांनी, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि पत्ते बघायचे म्हटले तरी दिसले नसते, तेव्हा मी एकदा विचारलं.

"आत्याबाई, त्या दिवशी तुमचे पत्ते भारी असते तर? तुम्ही निदान बघायचे तरी."

त्या चिंचोके चाचपडत होत्या.

"बघितले असते तर टाकवले नसते गो," त्या म्हणाल्या.