बोट लागू नये म्हणून

आमच्या शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी जितक्या उलट्या पाहिल्या असतील तितक्या विदर्भातल्या सगळ्या डॉक्टरांनी मिळूनही पाहिल्या नसतील, हे मी पैजेवर सांगतो. चौतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली बरीचशी उमरेड-नागपूर रस्त्यावर. लग्नाची वऱ्हाडं, परीक्षेला निघालेली पोरं, कोर्टाच्या तारखेला एकाच गाडीने जाणारे भांडखोर भाऊबंद, अशा सगळ्यांना त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढताना आरशात पाहिलं आहे. माणूस पायरीवर पाय कसा ठेवतो यावरून त्याला गाडी लागणार की नाही हे ते ओळखत. "तो निळ्या शर्टवाला हाये ना, तो पाचगावच्या पुढं टिकत नाही," असं ते कंडक्टरला सांगून ठेवत, आणि पाचगाव आलं की निळा शर्ट तोंडावर रुमाल धरून उभा असे. एकदा त्यांनी एका गुरुजींसाठी गाडी बाजूला घेतली तेव्हा गुरुजी मजेत शेंगदाणे खात बसले होते. मला काही झालेलं नाही म्हणून ते काकांशी भांडायला लागले आणि भांडता भांडताच त्यांना घाईने खाली उतरावं लागलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी कॉलनीतलं कुणी चिखलदऱ्याला निघालं की आधी काकांच्या ओट्यावर हजेरी लावतं. काका त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात आणि निकाल देतात, "तुले नाही लागत. तुह्या बायकोले खिडकी दे."

स्वतः काका मात्र दुसऱ्याच्या गाडीत कधी बसत नाहीत. म्हणजे बसतात, पण स्टिअरिंगवर. ऑटो केला तर दोन चौक जायच्या आत ते ऑटोवाल्याच्या पोराबाळांची, कंबरदुखीची अशी काही मायेने चौकशी करतात की तो बिचारा मागे काकूंशेजारी येऊन बसतो आणि काका त्याचा ऑटो चालवत घरी येतात. माझ्या भाच्याच्या लग्नाला रामटेकला भाड्याची बस केली होती, तिचा ड्रायव्हर जाताना आणि येताना मागच्या सीटवर घोरत होता. माणसाला हौस आहे, असं आम्ही सगळे म्हणत असू. एसटीत चालकाशी बोलू नये अशी पाटी असते, ती प्रवाशांनी कधी मनावर घेतली नाही, पण काकांनी आयुष्यभर पाळली. स्कूटरवर मागे बसलेल्या काकूंनी काही विचारलं तर उत्तर पुढच्या सिग्नलला मिळतं. लेकीला मिहानमध्ये नोकरी लागल्यावर तिने कार घेतली, तर तीही काकाच चालवतात आणि काकूंना मागे बसवतात. पुढच्या सीटवर पाण्याचा कॅन बसतो. "समोर बाई बसली का ध्यान जाते," असं त्यांचं म्हणणं. यावर लाजावं की रागवावं हे काकूंना कधी ठरवता आलं नाही.

लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून लेकीने विचारलं, आई, तुला काय हवं? मी त्या वेळी तिथेच चहा पीत होतो. काकू पोह्यांवर कोथिंबीर पेरत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "दागिना-गिगिना काही नको वं मले. मले तुह्या बाबाच्या बाजूले बसून कुठीतरी जाचं हाये. चाळीस वर्सं झाले, मी त्याइची पाठच पाहून राहिली." पोरगी हुशार. बाबांना चालवता येणार नाही असं वाहन कुठलं, याचा तिने आठ दिवस विचार केला आणि मुंबईहून गोव्याकडे जाऊन परत येणाऱ्या मोठ्या जहाजाची तिकिटं काढून आणली, तीन रात्रींची. आई-बाबांना सोबत हवी म्हणून आम्हा नवरा-बायकोलाही गळ घातली. काकूंनी काळा गॉगल घेतला आणि भाजीवालीपासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, "आम्ही दोघं बाजूबाजूले बसून जाऊन राहिलो." हे सांगताना त्या इतक्या खुश दिसत की ऐकणाऱ्यालाही आपल्या घरी काहीतरी शुभकार्य निघाल्यासारखं वाटे.

 काका मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुही कार काढ. अंबाझरीपर्यंत चाल. तूच चालव." काका आपण होऊन कुणाच्या बाजूला बसताहेत हे पाहून मी हरखलो. तो आनंद शंकरनगर चौकापर्यंत टिकला. तिथे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "थांब," म्हणाले आणि दार उघडून रस्त्याच्या कडेला वाकले. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. चूळ भरून झाल्यावर ते फुटपाथवर बसले आणि खाली पाहत म्हणाले, "मले लागते गा. लहानपणापासून लागते. स्टिअरिंग हाती असलं का काही होत नाही. म्हणून तं ड्रायव्हर झालो." मी हसलो नाही, हे माझ्या आयुष्यातलं मोठंच संयमाचं काम. "काकूंना सांगून टाका ना," म्हटलं, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "काय सांगू? चौतीस वर्सं लोकाइले हसलो मी. अन् ती एवढी हौसेनं निंगाली. तिच्या बाजूले बसाचं हाये मले, न ओकता. काहीतरी विलाज पाय." माझ्या डोळ्यांसमोर काकूंचा तो काळा गॉगल आला आणि काकूंना काही सांगणार नाही, इलाज शोधू, असा मी त्यांना शब्द दिला.

मग आम्ही इलाजाच्या शोधात नागपूर पालथं घातलं. नागपूरहून समुद्र कुठल्याही दिशेने लांबच. इथला माणूस समुद्र पाहून आला तरी फार तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहून आलेला असतो. पण बोट लागण्यावर उपाय माहीत नाही असा एकही नागपूरकर आम्हाला भेटला नाही. सीताबर्डीच्या औषधवाल्याने गोळी दिली. ती घेऊन काका सकाळी दहाला जे झोपले ते संध्याकाळच्या चहालाच उठले. झोपलेल्या माणसाच्या बाजूला बसणं म्हणजे बिछायतीच्या बाजूला बसणं, तेव्हा गोळी बाद. उमरेडला राहणाऱ्या त्यांच्या जुन्या कंडक्टरने बनियनच्या आत पोटावर वर्तमानपत्र ठेवायला सांगितलं, आणि तेही त्याच दिवसाचं, शिळ्या पेपरने गुण येत नाही म्हणाला. मौद्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या मित्राने मनगटावर बांधायचे बटणवाले पट्टे दिले, सगळा करंट तिथूनच जातो म्हणे. वैद्यांनी आलेपाक दिला आणि गालात लवंग धरायला सांगितली. संत्र्याच्या ठेल्यावरच्या बाईने साल नाकाशी पिळून दाखवली आणि वरून सुनावलं, "समुद्र काय घेऊन बसले, भाऊ! माह्या सुनेले दिवस गेले होते, तवा याच्यावरच काढले तिनं तीन महिने."

प्रत्येक इलाजाची परीक्षा आम्ही कॉलनीच्या बागेतल्या झोपाळ्यावर घेत असू. काका झोपाळ्यावर, मी मागून झोके देणार. फिरायला आलेल्या मंडळींना "कमरेसाठी हाये" असं सांगितलं जाई. लवंगेवर अकरा झोके निघाले, संत्र्याच्या सालीवर एकोणीस. साल, लवंग, पेपर आणि पट्टे असे सगळे एकदम लावल्यावर सव्वीस झाले आणि मग काका कण्हेरीमागे गेले. शेवटी अंबाझरीच्या तलावात पायांनी चालवायच्या बोटीत बसलो. आलेपाकाचा खडा तोंडात टाकून काकांनी पायडल मारायला आणि दांडा वळवायला सुरुवात केली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, तरी काका टवटवीत. आम्हाला वाटलं, आलेपाकाचा गुण आला. आम्ही दोघे शहाणे त्याच दिवशी दीड किलो आलेपाक घेऊन आलो.

या सगळ्यात एक गोंधळ झाला. काका जिथेतिथे इलाज "बायकोसाठी" म्हणून विचारत. त्यामुळे महिनाभर कॉलनीतल्या बाया काकूंकडे ओवा, आवळा-सुपारी आणि लिंबाचं लोणचं घेऊन येत राहिल्या. काकूंना जन्मात कधी गाडी लागलेली नाही. घाटातल्या वळणावर त्या आलूबोंडे खातात. त्या चकित होऊन म्हणत, "मले काहून आणून राहिले बाप्पा सारे?" काका वर न पाहता म्हणत, "राहू दे. कामात येते."

मुंबईपर्यंतचा रेल्वेचा प्रवास काकांनी ती औषधवाल्याची गोळी घेऊन वरच्या बर्थवर झोपून काढला. काकू खिडकीशी एकट्याच बसल्या. "थकले असतील," एवढंच म्हणाल्या, पण गॉगल त्यांनी पिशवीतून काढला नाही. मला फार वाईट वाटलं.

जहाज बंदरातून निघालं तेव्हा समुद्र अगदी शहाण्यासारखा होता. काकूंनी वरच्या मजल्यावर कडेच्या दोन खुर्च्या धरल्या, शेजारच्या खुर्चीवरून पदराने धूळ झटकली आणि काकांना बसवलं. काकांच्या पोटावर त्या दिवशीचा पेपर होता, तो श्वासागणिक कुरकुरत होता. मनगटांना पट्टे, गालात लवंग, एका खिशात साली, दुसऱ्यात आलेपाक. तासभर सगळं ठीक चाललं. काकू बोलत होत्या, काका हुंकार देत होते. मग किनारा दिसेनासा झाला आणि जहाज हलकेच डोलायला लागलं. काकांचा रंग उतरला. "आलोच," म्हणून ते उठले आणि पुढच्या टोकाकडे चालते झाले.

मी पाच मिनिटांनी कागदी पिशवी घेऊन पोचलो. पाहतो तर काका अगदी पुढच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून, पाय फाकवून, नजर समोर रोखून उभे! लाट आली की उजवा पाय ब्रेकवर दाबल्यासारखा दाबत. चेहऱ्यावर रंग परत आला होता. "गाडी हाती आली गा," ते म्हणाले. "आता कुठीबी न्या." तेवढ्यात त्यांच्या अनुभवी नजरेला बाजूला ओणवा झालेला एक तरुण नवरा दिसला. "ए पोरा, इकडं ये. कठडा पकड. समोर पाहा. गाडी तूच चालवून राहिला असं समज." पोराने ऐकलं आणि चार मिनिटांत ताठ झाला. त्याने बायकोला आणलं. मग इंदूरचे एक शेठ आले, दोन शाळामास्तर आले, एक अख्खं कुटुंब आलं. साली आणि आलेपाक वाटले गेले. अर्ध्या तासात चौदा माणसं एका रांगेत उभी राहून जहाज चालवत होती आणि काका त्यांच्या मधोमध उभे राहून हुकूम सोडत होते, "गचका येऊन राहिला, जरा हळू घ्या!" एकालाही उलटी झाली नाही. पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी काय प्रकार आहे ते पाहायला आला, तर काकांनी मान न वळवता त्याला सांगितलं, "आप आराम करो साहब, गाडी बराबर चल रही है." चौदा जणांनी टाळ्या वाजवायला हात सोडले आणि काका ओरडले, "हात सोडू नका बे!" चौतीस वर्षांच्या नोकरीत असा सत्कार त्यांचा कुणी केला नव्हता.

त्या टाळ्या ऐकूनच काकू शोधत आल्या. गॉगल लावलेला होता. समोर नवऱ्याची पाठ पाहून जागच्या जागी थांबल्या. "इथंही?" त्या हळूच म्हणाल्या. दिलेला शब्द मोडायचा तर तो आत्ताच, असं मला वाटलं. मी म्हटलं, "काकू, त्यांना लागते. लहानपणापासून. हातात स्टिअरिंग नसलं की लागते. ते सगळे इलाज त्यांच्यासाठी होते."

 "एवढंच होतं?" काकू म्हणाल्या. "अन् मले वाटे, माह्या बाजूले बसाची याइले लाज वाटते. मी चौथी शिकलेली, दिसाले अशी. चाळीस वर्सं मले हेच वाटे, भाऊ." गॉगल वर सारून त्यांनी डोळे पुसले आणि मग अशा खळखळून हसायला लागल्या की रांगेतल्या चौदाही जणांनी मागे वळून पाहिलं.

काकांनीही पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते इंदूरच्या शेठजींना "जरा पकडा" म्हणून कठडा सोडून काकूंना घेऊन सरळ खुर्च्यांकडे गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. दहा मिनिटांत कपाळावर घाम आला.

"मळमळून राहिलं का?" काकूंनी विचारलं.

"राहिलं ना."

"मंग जा ना समोर. मी उभी राहीन तुमच्यासंगं."

"नाही जात," काका म्हणाले. "बसू दे मले."

मध्ये एकदा पिशवी लागली. काकूंनी ती धरली, पाठीवरून हात फिरवला, पदराने त्यांचं तोंड पुसलं. काका पुन्हा नीट टेकून बसले, पण उठले नाहीत. मी लांबून पाहत होतो.  शंकरनगर चौकात त्यांनी जे लपवायला सांगितलं, ते चाळीस वर्षांपूर्वीच कुणी बोलून टाकलं असतं तर किती गावं या दोघांनी अशी पाहिली असती, असं सारखं मनात येत होतं. समोर सूर्य समुद्रात उतरत होता, लोक उभे राहून फोटो काढत होते. काकू तिकडे पाहतच नव्हत्या. प्रवासात आपल्या नवऱ्याचा चेहरा कसा दिसतो हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. तो पांढराफटक पडला होता, घामाने डबडबला होता, आणि काकूंची नजर त्यावरून हलत नव्हती.