शेवटच्या स्टुलापर्यंत

माझा दाजी क्लीव्हन टॅलबर्ट सॅक्सोफोन वाजवायचा असं लोक म्हणतात. मी मागे बसून ड्रम बडवायचो, मला विचारा. तो बोंबलायचा! पण असा बोंबलायचा की ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डातल्या, आमच्या वस्तीतल्या, बायका बूट फेकून नाचायच्या. माझ्याकडे कुत्रंही बघायचं नाही.

आमच्याकडे सॅक्सवाला दारूच्या काउंटरवर चढून चालला नाही, तर त्याला कुणी वाजवणारा मानतच नाही. दाजी चढायचा, ग्लास चुकवत चालायचा, मग उताणा पडून एकच सूर धरून दुसऱ्या टोकापर्यंत सरपटायचा. तिथे शेवटच्या स्टुलावर माझी बहीण व्हर्लीन. ती आपली टोपी काढून सॅक्सच्या तोंडावर ठेवायची, की दाजी गप्प. दुसऱ्या कुणाच्या बापाचं तो ऐकायचा नाही.

चोपन्न साली त्याच्या सॅक्सच्या पेटीत व्हर्लीनला भलतीच टोपी सापडली. लाल, पिसांची, आत दूरच्या डॅलसमधल्या दुकानाची पट्टी.

"अगं, वाऱ्याने उडून आली असेल," दाजी म्हणाला.

"डॅलसहून?" असं म्हणून ती आईकडे निघून गेली.

त्यानंतर दाजी शेवटच्या स्टुलापर्यंत जायचा, पण स्टूल रिकामं. सूर थांबवायचा कुठे हेच त्याला कळेना. मालक पाय धरून खाली ओढायचा. बायको परत आली नाही तर हा माणूस फुकट जाणार, हे मला दिसत होतं.

शेवटी आईच्या चर्चमध्ये मीच त्याचं वाजवणं ठरवलं. "दाजी, एक साधं भजन. उभं राहून. व्हर्लीन येणार आहे, माती खाऊ नका."

"वेडा आहेस का? देवाचं घर आहे ते."

पहिलं कडवं सभ्यपणे झालं. मग त्याला ती सगळ्यात मागे दिसली आणि त्याचा पाय बाकावर पडला! म्हाताऱ्या पर्स छातीशी धरून ओरडायला लागल्या. पाद्री किंचाळले, "ब्रदर टॅलबर्ट, उतरा!" आणि मी? माझे नालायक हात ड्रम वाजवतच राहिले.

शेवटच्या बाकावर तो उताणा पडला, सूर धरून. तोंड जांभळं झालं. व्हर्लीन समोर क्रूसाकडे बघत बसली होती.

"ठेव गं बाई टोपी, मरेल तो!" मी ओरडलो.

तिने सावकाश पिन काढली, टोपी उतरवली, सॅक्सवर ठेवली. सगळं शांत झालं.

"इतक्या... मागे का बसलीस?" दाजीला धाप लागली होती.

"मी कधी पुढे बसले होते का रे?" ती म्हणाली. "ऊठ आता. घरी चल."