चौघांच्या फायली घेऊन गेलेला दिलीप

पांढुर्ण्याच्या शाळेत पाठ केलेल्या कविता अजून ओठांवर आहेत, ती शाळा मात्र पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. म्हणून मंगळवारी नागपूरहून पॅसेंजर पकडली. तिकीट शंभराच्या आत, खिडकीतले संत्र्यांचे बगीचे फुकट. शाळेच्या फाटकाशी उभा राहून एक अख्खी कविता म्हटली. चौकीदार म्हणाला, "काकाजी, पाणी आणू का?"

रात्री लॉजवर मुक्काम. बुधवारी सकाळी गरम आलुबोंडे खाऊन, वाटेत जामसांवलीला उतरायचं म्हणून सौंसरची बस धरली. (जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांनी बुधवारच निवडावा, मंगळवारी-शनिवारी बसमध्ये उभं राहावं लागतं.) शेजारी दिलीप. सौंसरजवळच्या एका गिरणीत कामगार. मांडीवरच्या पिशवीत चार फायली.

"चार नोकऱ्या करतोस का रे?"

"नाई काकाजी, चार माणसं. एक खाडा झाला का महिन्याचा हजेरीचा बोनस जाते. मंग नोकरी शोधाले जाव कवा? आम्ही पाळी लावली. एक जण आजारी पडते, चौघांच्या फायली नेते. भाडं वर्गणीचं."

काल त्याची पाळी होती, नागपूरला; रात्रीच्या गाडीनं पांढुर्ण्याला उतरला होता. काय झालं, ते काही सांगेना. मला राहवेना. जामसांवलीला न उतरता सौंसरपर्यंत गेलो.

स्टँडवरच्या चहाच्या टपरीपाशी बाकीचे तिघं दुपारच्या शिफ्टला जाण्याआधी वाट पाहत होते. त्यातल्या वयानं मोठ्या सुशीलाबाईंनी विचारलं, "कोणाले घेतलं बे?"

"साहेब म्हणे, फायली ठेव बाजूला. तू समोर हायेस, तूच ये. दीडपट पगार."

"मंग?"

"नाई म्हणून आलो."

"काऊन बे गध्या?"

"चौघांच्या पैशानं गेलो. एकटाच कसा लागू?"

माझा चहा धोतरावर सांडला. नोकरी मिळत नाही, हे ऐकलं होतं. शोधायला लागलेल्या भाड्यापायी मिळालेली नोकरी कुणी सोडतो?

सुशीलाबाईंनी पिशवीतून त्याची एकट्याची फाईल काढून त्याच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "भरती सोमवारपर्यंत हाय ना? सोमवारी माही पाळी. माह्या बदली तूच जाय. अन् या खेपी नाई म्हणशील तं इथं तोंड दाखवू नको."

जामसांवली राहूनच गेली. घरी येऊन पाच दिवस झाले. शाळेतल्या कवितांमधली पाखरं हवं तेव्हा उडायची; त्यांचा कुणी खाडा मांडला नव्हता, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नाही.

आज सोमवार. सकाळपासून घड्याळ पाहून राहिलो आहे.